अर्नेस्टिनबाईंचा चेहरा

“मला नको घालूस बाबा त्या डब्यात. नुसते दात दिसतात माझे,” असं म्हणून अर्नेस्टिन मेब्री गायकांच्या मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

गेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली ईस्टरची प्रार्थना पहिल्यांदाच केबल टीव्हीवर दिसणार होती आणि मुख्य गाणं बाईंचंच होतं. कॅमेरा लव्हर्न टिब्जकडे होता. पोलादाच्या कारखान्यातून कमी केल्यावर तो हे काम शिकला होता.

“मावशी, आजची दुपार मला द्या. नाही जमलं तर उद्या खुशाल मागं उभ्या राहा.”

खिडक्यांतला निळसर उजेड आणि छतावरच्या ट्यूबांचा हिरवट उजेड एकमेकांत मिसळत होते. त्यानं पडदे ओढले, ट्यूबा बंद केल्या आणि आपले दिवे एका पांढऱ्या चादरीवर रोखले. चादरीवरून उजेड मऊ होऊन परतला. मग बाईंच्या हनुवटीशी कोरा कागद धरून त्यानं कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवलं. तरी चेहरा काळवंडलेलाच. मागच्या गायकांचे पांढरे झगे पाहून कॅमेरा आपणहून डोळा बारीक करत होता. लव्हर्ननं त्याची मनमानी बंद केली आणि तो डोळा हातानं हळूहळू उघडत नेला.

चर्चचे पास्टर गेन्स कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या टीव्हीत डोकावले. “अरे, झगे उजेडानं पांढरेफटक जळायला लागले की!”

“जळू देत, पास्टर. झग्यांचं गाणं ऐकायला कोण येतंय?”

ईस्टरसाठी मुद्दाम शिवलेले झगे ते. पास्टर थोडा वेळ कुरकुरले, मग स्वतःच कपाटातून जुने मरून झगे घेऊन आले.

लव्हर्ननं टीव्ही बाईंकडे वळवला. गालांवरची तांबूस झाक, डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या, सगळं दिसत होतं. बाई वाकून पडद्याजवळ गेल्या.

“ही तर माझी आई,” त्या म्हणाल्या. “मिसिसिपीत तिचा एकदाच फोटो निघाला. त्यात फक्त टोपी दिसते. कितीदा खिडकीशी नेऊन पाहिलाय मी.”

दुसऱ्या दिवशी त्या सर्वांत पुढं उभ्या राहून गायल्या.

पुढं बाई गेल्या, चर्चही बंद झालं. लव्हर्न म्हातारा झाला. एका रविवारी बाईंची नात तमिका तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन त्याच्या घरी आली.

“काका, ती ईस्टरच्या गाण्याची टेप आहे का हो तुमच्याकडे? हिला पणजी दाखवायचीय.”

टेप होती. त्यानं ती लावली, पण रंग विटले होते. बाईंचा चेहरा राखेसारखा दिसत होता.

“आजी अशी नव्हती,” तमिका हळूच म्हणाली.

लव्हर्ननं रिमोट उचलला आणि तसाच हातात धरून राहिला. “मोतीबिंदू झालाय गं. मला सगळंच पिवळं दिसतं. तू असं कर, तुझा हात पडद्याशेजारी धर. बाईंचीच कांती आहे तुझी. मी रंग बदलत जातो, जुळला की सांग.”

तमिकानं हात धरला. लव्हर्न एकेक बटण दाबत राहिला.

“अजून थोडं. अजून... हां, आता.”

त्यानं रिमोट खाली ठेवला. त्याला पिवळंच दिसत होतं. तो तमिकाच्या चेहऱ्याकडे बघत बसला.