टाकी उजव्या हाताला

काळजी करायचा पगार मिळत असता तर मी आतापर्यंत बंगला बांधला असता. नांदेडात माझं नंबरप्लेटचं दुकान आहे. पण बायको हुमा म्हणते, यासेर दुकानात बसून प्लेटा कमी अन् अब्बांचे विचार जास्त करतो. खोटं नाही ते.

अब्बा, म्हणजे मकबूलमियाँ, लातूरकडच्या छोट्या लाईनवर बोरताळ नावाच्या चिमुकल्या स्टेशनात पॉइंट्समन होते. रूळ बदलायचे, कंदील लावायचे, इंजिनाला पाणी द्यायचं. छोटी लाईन गेली, स्टेशनही गेलं. आता तिथं सोयाबीन डोलतं. काचबिंदूनं अब्बांचे डोळे गेले तेव्हा मनात आलं, आख्खं बोरताळ प्लायवूडवर बनवावं आणि त्यांच्या बोटांखाली द्यावं. सायकलचे आरे कापून रूळ केले. पाण्याच्या टाकीसाठी जुन्या कॅमेऱ्याच्या रोळाची डबी हवी होती. अब्बांकडे तशा दोन होत्या.

"एक घे," ते म्हणाले. "दुसरी ऱ्हाऊ दे. मला लागते."

नकाशा कुठे मिळाला नाही. आधाराला एकच फोटो, लातूरच्या एका स्टुडिओवाल्यानं चाळीस वर्षांपूर्वी काढलेला. मधोमध स्टेशन, डाव्या अंगाला टाकी, नावाची पाटी नाही. भिंग लावून मी त्यातल्या विटा मोजल्या, दारावरून उंची काढली, झाडं ठरवली. दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं आणि मी बोरताळचे कौल रंगवत बसायचो.

त्याच दोन महिन्यांत अब्बांचं बिनसत गेलं. उठताना तोल जायचा, दिवसभर ग्लानी, एकदा तर मोरीत पडता पडता वाचले. त्यात विसरभोळेपणा. डोळे गेल्यापासून बीपीची गोळी नाश्त्यानंतर हुमा देते. ती गोळी पुढं करायची आणि अब्बा म्हणायचे, "घेतली मी." पाकिटातली त्या दिवसाची गोळी तर तशीच! हुमा बिचारी समजूत घालून गोळी द्यायची. मीही दोनदा आवाज चढवला, "अब्बा, तुम्ही विसरायला लागलात." त्यानंतर ते 'घेतली' एवढंच म्हणायचे आणि वाद न घालता दिलेली गोळी गिळायचे.

मंगळवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ ठरली होती. त्यांनी विसरण्याचा आजार सांगितला तर अब्बांचं एकट्यानं मशिदीत जाणं बंद. पावलं मोजत, काठी टेकत जाणं, तेवढंच एक त्यांचं स्वतःचं उरलं होतं. तेही मीच काढून घेणार होतो.

शुक्रवारी दुपारी मी बोरताळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बोटं रुळावरून गेली, दाराशी थांबली, छपरावर चढली. चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. मग बोटं डावीकडे सरकली, टाकीवर आपटली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"ही इथं कशाला? टाकी ह्या हाताला, मावळतीकडं पाहिजे," त्यांनी उजवा हात वर केला.

"फोटोत डावीकडेच आहे, अब्बा."

"फोटू गेला उडत. असरची नमाज मी स्टेशनाच्या दाराशी, टाकीच्या सावलीत पढायचो. कलता सूर्य म्होरं, मधी टाकी, म्हणून डोळ्यावर ऊन यायचं न्हाई. तू ठिवलीस तिथं टाकी असती तर मी काय तिला पाठ करून नमाज पढलो व्हय तीस वर्षं?"

मी हो हो म्हणालो. ऐकलं नाही, ऐकल्यासारखं केलं. आतून मात्र हबकलो होतो. तीस वर्षांची जागा विसरला माणूस! आता डॉक्टर वेगळं काय सांगणार?

तरी मूळ फोटो बघून येतो असं अब्बांना सांगून शनिवारी पहाटेची लातूरची एसटी धरली. कशासाठी? खरं सांगतो, अब्बा चुकले याचा पुरावा हवा होता. मंगळवारी डॉक्टरांपुढे ठेवायला.

स्टुडिओ आता जुन्या फोटोवाल्याचा मुलगा मन्मथ चालवतो. क्लासच्या पोरांचे पासपोर्ट फोटो काढून त्याचा दिवस जातो. पण बापाची प्रत्येक निगेटिव्ह त्यानं पाकिटात, वर साल लिहून जपली होती. अर्ध्या तासात त्यानं बोरताळ काढलं, उजेडाच्या काचेवर ठेवलं आणि माझ्या फोटोकडे पाहून हसला.

"यासेरभाई, तुमचा प्रिंट उलटा हाय."

"म्हणजे?"

"निगेटिव्हची एक बाजू चकचकीत, एक फिकी. फिकी बाजू कागदाकडं धरायची. कडंची ही बारकी अक्षरं बघा, सरळ वाचता यायलीत ना? म्हणजे ही बाजू खरी. बाबांनी घाईत पालथी ठिवली आसंल. चित्र येतं झकास, पण डावं-उजवं फिरून."

मी वाकलो. मधोमध स्टेशन. टाकी उजव्या हाताला.

आधी हसू आलं. अब्बा बरोबर होते! दोन महिन्यांत पहिल्यांदा छाती हलकी झाली. आणि लगेच दुसरा विचार आला. इतक्या वर्षांपूर्वीची टाकी ज्याला चुकत नाही, त्याला सकाळची गोळी कशी चुकेल?

स्टुडिओच्या पायरीवरून हुमाला फोन लावला. "आज गोळी दिलीस?"

"दिली की. नेहमीसारखंच म्हणत होते, घेतली म्हणून."

"त्यांना फोन दे."

अब्बांचा आवाज जड होता, झोपेतल्यासारखा. "बोल रे."

"अब्बा, सकाळी गोळी तुम्ही खरंच घेतली होती?"

"हाव. रोजच घेतो, पहाटं फजरच्या नमाजनंतर." आणि फोनवर खुळखुळ ऐकू आली. प्लास्टिकच्या डबीत गोळ्या हलवल्याची. "बीपीच्याच, रेल्वेच्या दवाखान्यातल्या. मशिदीतला सोबती आणून देतो दर महिन्याला. ह्या डबीत ठिवतो."

दुसरी डबी. मला लागते, असं म्हणाले होते. कशाला लागते, हे मी विचारलंच नव्हतं.

"आणि वर हुमानं दिलेलीही घेता?"

"घेतो."

"का अब्बा? घेतली हे माहीत असताना?"

समोरच्या क्लासमधून पोरांचा लोंढा बाहेर पडला, रिक्षावाले ओरडू लागले, आणि मी फोन कानात खुपसून उभा.

"तू म्हणालास ना, मी विसरतो म्हणून," अब्बा म्हणाले. "मला वाटलं, विसरत आसंन बाबा. तुम्हाला दिसतं. मला कुठं दिसतं?"

फोन हुमाकडे द्यायला लावून मी तिला सांगितलं, त्यांना आडवं कर, उठू देऊ नकोस, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता घरी बोलाव. आणि तसाच स्टँडकडे पळत सुटलो. नांदेडची गाडी लागलेली होती. बसलो तेव्हा कळलं की फोन अजून चालूच आहे, हुमानं तो अब्बांच्याच हातात ठेवलेला.

"यासेर," अब्बा विचारत होते, "टाकी कोणत्या हाताला निघाली रे?"