दोघांनी ओढायचा रोलर

मित्रांनो, माळीकाकांचे लग्न झाले त्या वर्षी मी या नदीकाठच्या बागेत आलो. नेमके साल मला सांगता येणार नाही. काकू नव्या घरात आल्या आणि आठवडाभरात मला गाडीवरून उतरवले, एवढे मात्र पक्के आठवते. काकू अजून म्हणतात, "नवऱ्याने मला घर नीट दाखवायच्या आधी हा रोलर दाखवला!"

होय, मी एक जुना लोखंडी रोलर आहे. एका लहान कारखान्यात जाड पत्रा वाकवून माझे गोल पोट तयार केले. त्यात काँक्रीट ओतले, मधून आस घातला आणि पुढे लांब दांडा जोडला. दांड्याच्या टोकाला आडवी मूठ आहे. ती मुद्दाम रुंद ठेवली आहे, कारण मी एका माणसाच्याने हलत नाही. मला ओढायला दोघे लागतात.

एक होते माळीकाका. दुसरे होते काकूंचे धाकटे भाऊ. नदीवर त्यांची होडी चालायची. पूल लांब पडत असल्यामुळे पलीकडच्या काठाला जाणारी माणसे त्यांच्याच होडीतून जात. मुले त्यांना होडीमामा म्हणत. बागेशी त्यांचा कामाचा काही संबंध नव्हता. बहिणीच्या नवऱ्याला हातभार लावायला म्हणून ते सुट्टीच्या दिवशी सकाळी येत. पुराच्या पाण्याने जमीन फुगली की दोघे मिळून मला बागभर फिरवत. माझ्या मागे गवत साफ निजून जाई आणि दोन दिवसांत पुन्हा ताठ उभे राही.

"दाजी, तुम्ही ओढताय की नुसते धरून चालताय?" होडीमामा विचारत.

"मी दिशा दाखवतोय. ताकद तुमची, अक्कल माझी," काका म्हणत. "चला मेहुणे, तुमच्या ताईने जेवण झाकून ठेवलंय."

अशी खूप वर्षे गेली. मी सपाट केलेल्या जमिनीवर किती मुले चालायला शिकली, त्याची गणती नाही. पडली तरी फारसे लागत नसे. आया म्हणत, "इथली जमीन गादीसारखी आहे." ते कौतुक गवताचे असे, पण मी ते थोडे माझ्याकडे घेत असे.

मग नदीत गाळ साचू लागला. होडी लागायची ती जागा दरवर्षी उथळ होत गेली. शेवटी होडी चिखलात कलंडून पडली आणि होडीमामा काठावर बसून राहू लागले. त्याच सुमारास नगरपालिकेने बागेच्या फाटकावर एक मोठा नकाशा लावला. बागेच्या जागी दुकाने, हॉटेल, फरसबंदी आणि गाड्यांचा तळ होणार होता. कोपऱ्यात निळ्या रंगात होड्यांसाठी नवा धक्का दाखवला होता. त्यासाठी गाळ काढला जाणार होता.

होडीमामांनी नकाशाच्या बाजूने निघालेल्या अर्जावर सही केली. माळीकाकांना हे दुसऱ्याच कुणाकडून कळले. ते तडक होडीपाशी गेले. मी जवळच उभा होतो.

"ज्या गवतावर तुझ्या बहिणीचं घर चाललं, ते तू विकायला निघालास?"

"तुमचं गवत हिरवं आहे, दाजी. माझी होडी चिखलात आहे."

"मग माझ्या बागेवरून होडी चालवणार का?"

"माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

काकांनी तोंड फिरवले. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले. होडीमामा बागेत यायचे थांबले. काकू भावाला जेवणाचा डबा पाठवत. डबा घासूनपुसून परत येई, पण त्याबरोबर निरोप नसे. बाग गेली तर नवऱ्याचे काम जाणार होते. गाळ राहिला तर भावाचे जाणार होते. त्या बाईने कुणाचे भले मागायचे?

त्या वर्षी पूर ओसरल्यावर माळीकाकांनी मला एकट्याने ओढून पाहिले. कसाबसा बागेच्या मध्यापर्यंत आलो आणि ओल्या मातीत रुतलो. काकांनी खूप जोर लावला. मग दांडा सोडून ते माझ्यावरच टेकून बसले. मला फार वाईट वाटले. पण मी रोलर. मला स्वतःहून हलता येत नाही. महिना झाला तरी मी तिथेच होतो. जमिनीत खड्डे तसेच राहिले आणि माझ्या आसावर गंज चढला.

मित्रांनो, माझ्या त्या रुतण्यामुळेच पुढची गोष्ट घडली.

नकाशावर लोकांचे मत घ्यायचे ठरले. नगरपालिकेच्या दालनात एवढी माणसे मावेनात, म्हणून सभा बागेतच भरली. नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "हात वर करू नका. कुणी दोन्ही हात वर करतं. हा रोलर मधोमध आहेच. बाग ठेवायची असेल त्यांनी रस्त्याकडे उभं राहा. बांधकाम हवं असेल त्यांनी नदीकडे."

आधी भाषणे झाली. एक शिंपी म्हणाला, "आमच्या पोरांना काम कुठाय? गवत काय चघळायचं?" एक नर्स म्हणाली, "माझे पेशंट इथे काठी टेकत चालायला शिकले. हॉटेलात चालू देणार का?" दोन्हीकडून टाळ्या पडल्या. मग माणसे उभी राहू लागली. माळीकाका रस्त्याकडे गेले. होडीमामा नदीकडे गेले, आणि त्यांच्यामागे सगळे होडीवाले आणि कोळी. नदीची बाजू भरत चालली होती.

काकू मधोमध आल्या, पदर सावरला आणि माझ्यावर बसल्या.

"काकू, एका बाजूला व्हा," नगराध्यक्षबाई म्हणाल्या. "मोजायचं आहे."

"मोजा की. मी इथेच बरी. इथून मला दोघांचीही तोंडं दिसतात."

लोक हसले. शिंपी ओरडला, "काकू, तुमची बाजू तरी सांगा!"

"आधी मला माझ्या भावाला एक विचारू दे," काकू म्हणाल्या आणि नदीकडे वळल्या. "काय रे, तुला दुकान हवंय?"

होडीमामा गडबडले. "मला? दुकान कशाला? मला दिवसभर एका जागी बसून विकायला जमतं का, ताई?"

"हॉटेल हवंय?"

"नाही."

"मग काय हवंय?"

"होडी चालायला हवी. गाळ निघायला हवा. बाकी काही नाही."

"मग तेवढंच बोलायचं ना, शहाण्या!"

"कुणाशी बोलू? दाजी तोंड फिरवतात."

"तू तरी कुठे थांबलास ऐकायला?" काका रस्त्याच्या बाजूने ओरडले. दोन महिन्यांत ते दोघे एकमेकांशी बोललेले हे पहिलेच वाक्य होते.

नगराध्यक्षबाईंनी नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला विचारले, "नुसता गाळ काढून धक्का बांधता येईल?"

"येईल," तो म्हणाला. "ते काम वेगळं करता येतं. नुसता गाळ काढा, असं कुणी मागितलं नव्हतं, म्हणून एकत्र धरलं."

"आणि दुकानं?" शिंपी सोडायला तयार नव्हता.

"रस्त्याकडेची ओस पडलेली गोदामं आहेत. तिथे बांधू," नगराध्यक्षबाई म्हणाल्या.

शिंप्याने मान हलवली, पण तोंड कडूच ठेवले. तिथून नदी दिसत नाही, ही त्याची तक्रार पुढे कित्येक वर्षे चालू होती.

होडीमामा माझ्या कडेने वळसा घालून रस्त्याच्या बाजूला आले आणि दाजींच्या शेजारी उभे राहिले. त्यांच्यामागून होडीवाले आले, कोळी आले. नगराध्यक्षबाईंनी मोजले आणि बाग राहणार, असे जाहीर केले. नर्सने डोळे पुसले. माळीकाका माझ्यापाशी आले आणि त्यांनी मूठ धरली.

"मेहुणे, आलाच आहात तर हात लावा. बिचारा महिनाभर रुतलाय."

"ताई, आधी तू ऊठ! तुझ्यासकट नाही निघणार हा."

"का? एवढी जड आहे का मी?" काकू उठल्या. त्यांचे हसू थांबेना. दोघांनी एकदम जोर लावला, माझा आस करकरला आणि मी चिखलातून बाहेर आलो. मित्रांनो, इतके हलके मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

पुढच्या वर्षी गाळ निघाला आणि होडी पाण्यात गेली. मला हिरवा रंग मिळाला. मग काही वर्षांनी इंजिनावर चालणारा रोलर आला. त्याला एकच माणूस पुरतो. मला शेडच्या मागे ठेवले. माझा रंग उडाला, दांडा वाकला. मी त्या नव्या रोलरवर रुसलेलो नाही. फक्त त्याला चालवणारा माणूस कुणाशी बोलत नाही, हे मला चमत्कारिक वाटते.

तुम्ही बागेत आलात तर शेडच्या मागेही या. माझ्या आसाला थोडे तेल घाला, गंज खरवडून काढा. एकटे येऊ नका. ज्याच्याशी भांडण झाले असेल त्याला बरोबर आणा, आणि माझी मूठ धरण्याआधी त्याला नेमके काय हवे आहे ते विचारा.

माळीकाका तीन वर्षांपूर्वी, पूर ओसरल्यावर वारले. होडीमामा गेल्या वर्षी थंडी सरता सरता वारले. काकू आहेत.