माझा आवाज ओळखणाऱ्या बाई

मित्रांनो, गॅलरीत पुदिन्याच्या कुंडीखाली गंजत पडलेली ती गोल वस्तू म्हणजे ताटली नव्हती. ती मीच होते, एक जुनी लोखंडी कढई.

लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं, म्हणून माझ्या अंगात आवाज मुरला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिलं आणि हसून घरी नेलं. रंगावरून त्यांनी मला कधी नावं ठेवली नाहीत.

वांग्याच्या नूडल्स कराव्यात तर बाईंनीच. वांग्याच्या फोडी तेलात पडल्या की मी चुर्र करून घर डोक्यावर घ्यायची. फोडी मऊ पडल्या की आवाज बसायचा. मग लसूण, सोया सॉस, साखर. तो रस आधी खळखळायचा, आणि आटून फोडींवर चकाकू लागला की पुटपुटायचा. तेवढ्यात नूडल्स पडल्या पाहिजेत, नाहीतर सगळं करपलंच.

जन्मभर सुईत दोरा ओवून बाईंची नजर अधू झाली, पण घरात कुणाला पत्ता लागला नाही. त्या कानांनी स्वयंपाक करत होत्या.

सून मनाने चांगली. सासूबाईंचं मनगट दुखतं म्हणून तिने हलकी, गुळगुळीत कढई आणली आणि माझी रवानगी कुंडीखाली झाली. जुनं ते सोनं म्हणतात खरं, पण सोनं कुणी कुंडीखाली ठेवत नाही. ती नवी भारी मितभाषी. खिडकीतून मला करपल्याचा वास येऊ लागला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

"माझ्याच्यानं आता होत नाही गं. उद्यापासून तूच बघ," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्या ओट्याकडे फिरकल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

एकदा झाडांना पाणी घालताना सुनेच्या हातून तांब्या निसटला आणि माझ्या काठावर आदळला. खण्ण!

"ती माझी कढई ना गं?" आतून आवाज आला.

"हो. पण तुम्ही कसं ओळखलंत?"

"तिच्या आवाजावरच तर करत होते सगळं. डोळ्यांना दिसतंय कुठे मला?"

सून आत जाऊन त्यांच्याजवळ बसली. "आधी का नाही सांगितलंत, आई?"

"सांगितलं असतं, तर गॅसजवळ उभं राहू दिलं असतंस?"

सून उठली आणि मला कुंडीखालून काढून आत घेऊन आली. तिने मिठाने माझा गंज घासला, तेल चोळलं आणि मला आचेवर ठेवलं.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जरूर काढा, पण आधी ती वापरणाऱ्याला विचारा. कदाचित तिच्याच आधाराने कुणीतरी उभं असेल.

त्या संध्याकाळी बाईंनी उलथणं हाती घेतलं. सून नूडल्सचं भांडं धरून शेजारी उभी होती. माझ्यातला रस खळखळू लागला.

"टाकू?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "डोळे मिट. ऐक."

सुनेने डोळे मिटले.