वंगदादांच्या लेकीची उत्तरं

माशांचे गोळे उकळत्या पाण्यात तरंगून वर आले.

कॅनडात बर्फ पडत होता.

देवळामागच्या भट्टीत नवसाचे कागद फरफर जळत होते.

जुना कॉम्प्युटर. त्यानं शहाण्यासारखं वागावं म्हणून डोक्यावर ठेवलेला खाऊचा हिरवा पुडा.

लेक उत्तर देत नव्हती.

हे शेवटचं तेवढं वंगदादांना टोचत होतं. माशांचे गोळे विकून वाढवलेल्या या लेकीनं, पेइवननं, मासे खाणं सोडलं, तेव्हा ते भडकून म्हणाले होते, "मग या घरात जेवायला येऊ नकोस!" पोरगी सातासमुद्रापार गेली. यथावकाश राग निवला. देवळानं नवा कॉम्प्युटर घेतला, जुना यांच्याकडे आला. त्यावर आपलं नाव टाकून त्यांनी ईमेल धाडली: 'चुकलो. नव्या वर्षाला जेवायला ये.' मग दुसरी. मग तिसरी. उत्तर नाही.

"तोंड पाडून काय बसलात, वंगदादा? रश्शात मीठ नाही आज," देवळाचं कामकाज बघणाऱ्या श्यूताई वाटी पुढे सरकवत म्हणाल्या. "आमच्या देवाचे हाल बघा, कॅनडातली एक पोरगी मागेच लागलीय. 'बाबा, माझ्या पानात मासा वाढू नका, बाकी सगळं खाईन.'"

वंगदादांची पळी हवेतच थांबली. "देवाला बाबा म्हणते?"

"देवाला दत्तक दिलेली पोरं बाबाच म्हणतात की! परदेशातून ईमेल येते, आम्ही ती छापतो, देवापुढे वाचतो आणि भट्टीत टाकतो. हिची सगळी पत्रं साग्रसंगीत जाळली."

"अहो, ती माझी पोरगी!"

"अगं बाई!"

गॅस बंद करून दोघं आत कॉम्प्युटरकडे धावली. श्यूताईंनी सेटिंग उघडलं. पाठवणाऱ्याचं नाव वंग. आणि उत्तरासाठी पत्ता देवळाचा.

"नाव बदललंत, पत्ता तसाच ठेवलात!"

"देवानं तरी सांगायचं मला!"

"त्यानं केव्हाच कौल दिलाय. मासा वाढणार नाही, कबूल."

"माझ्या घरचा स्वयंपाक तो कोण ठरवणार?" वंगदादा गुरगुरले, पण हसू लपेना. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी आपला पत्ता भरला. आधी श्यूताईंना एक ईमेल पाठवली. त्यांनी फोनवरून उत्तर दिलं: 'मीठ घाला.' ते इथेच आलं.

मग त्यांनी लेकीला लिहिलं: 'टोफू चालेल ना?'

पहिली ईमेल मिळाली त्याच दिवशी पेइवननं विमानाचं तिकीट काढलं होतं.