छताचे दोन पाय

दादाचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. निवृत्त झाला तेव्हा म्हणाला, वर-खाली पुष्कळ झालं, आता जरा सरळ जाऊ. या सरळ जाण्यातूनच घरगाडी निघाली. आत झोपायला जागा, ओट्याच्या नावाने दोन शेगड्यांची पट्टी, कपाटाएवढी मोरी, आणि पुढे स्टिअरिंग. एकट्याने घेण्याची हिंमत होईना म्हणून त्याने धाकट्या भावाला ओढलं. हा भाऊ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. पन्नाशी उलटली तरी घरात त्याला छोटूच म्हणत.

बायकांना दोघांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर घोडं तिथेच अडलं असतं. दादाने आपल्या बायकोला सांगितलं, धाकटी फार हौसेने निघाली आहे, तिचं मन मोडू नकोस. छोटूने आपल्या बायकोला सांगितलं, अगं, ताईंनीच तर विषय काढला. अशा रीतीने ज्या दोन जावा काही वर्षं एकमेकींशी चहा-पाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या, त्या शनिवारी सकाळी घरगाडीच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या. गुडघ्याला गुडघा लागू नये म्हणून दोघीही पाय आखडून होत्या.

थोरली शिवणकाम करायची. कुणाची पॅन्ट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर, असं घरबसल्या चाले. माणसाच्या खांद्याकडे नुसतं पाहून माप सांगायची. धाकटी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती; पडलेल्यांना उभं करणं हे तिचं काम. दोघी एकाच घरात नांदत होत्या तोवर बरं चाललं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि बिनसलं.

त्याची सल थोरलीच्या मनात अजून ताजी होती. इतकी वर्षं सासूबाईंचं सगळं तिने पाहिलेलं. चष्म्यापासून औषधापर्यंत काय कुठे आहे ते तिलाच ठाऊक. पण शेवटच्या आजारपणात अंग पुसायची, कपडे बदलायची वेळ आली, की सासूबाई तिला म्हणायच्या, तू जा, धाकटीला पाठव. धाकटी कामावर असली तर तशाच पडून राहायच्या, पण थोरलीला हात लावू द्यायच्या नाहीत. एकदा तिला राहवलं नाही आणि ती धाकटीला बोलून गेली, "घे, आता घरही तूच सांभाळ." सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर लवकरच छोटूने वेगळं घर घेतलं.

प्रवासात दादा गाडी चालवत होता आणि शेजारी बसलेला छोटू सवयीने नसलेला ब्रेक दाबत होता. प्रत्येक वळणावर वरचं कपाट उघडून कांदे घरंगळत यायचे. दोघी वाकून आपापल्या बाजूचे कांदे उचलत आणि परत ठेवत. शेवटी धाकटीने कपाटाची मूठ आपल्या ओढणीने बांधून टाकली. थोरलीला गाठ आवडली.

तळ्याकाठी गाड्या लावायची जागा होती. खाली बारीक खडी, थोड्या अंतरावर पाण्याचा नळ, आणि बाकी सगळा मोकळा उजेड. गाडी समपातळीत आणायला भावांनी दुपार केली. चाकाखाली फळ्या घालायच्या, आत जाऊन टेबलावर पेला ठेवायचा, तो कुठे घसरतो ते पाहायचं, पुन्हा बाहेर यायचं. मग हँडल फिरवून त्यांनी गाडीच्या कडेला गुंडाळून ठेवलेलं कापडी छत बाहेर काढलं, त्याचे दोन पाय खडीत रोवले, आणि आपणच बांधलेल्या राजवाड्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर लक्षात आलं, की गॅसची टोपी, म्हणजे रेग्युलेटर, सिलिंडरवर बसतच नाही. इतक्या खटपटीने समपातळीत आणलेली गाडी हलवायला दोघेही तयार होईनात. जागेचा रखवालदार गावात निघाला होता, त्याच्या जीपमधून दोघे नवी टोपी आणायला गेले.

थोरली खुर्चीत बसून तळ्याकडे पाहत राहिली. धाकटी पलीकडच्या खुर्चीत. काही तरी बोलावं म्हणून थोरली म्हणाली, की हवा बरी आहे. धाकटी म्हणाली, हो, बरी आहे.

वारा आला तो तळ्यावरून, एकदम. आधी छत नुसतं फुगलं, मग एक पाय खडीतून उपटला आणि हवेत लोंबायला लागला. थोरलीने धावत जाऊन तो धरला. तोवर दुसराही सुटला, तो धाकटीने पकडला. छत गुंडाळायचं हँडल गाडीच्या आत, दारामागच्या खुंटीवर होतं. थोरली ते आणायला हात सोडते न सोडते, तोच धाकटीच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. थोरलीने परत येऊन सगळं वजन त्या दांड्यावर टाकलं. दोघींनाही कळून चुकलं, की पुरुष परत येईपर्यंत कुणालाच जागा सोडता येणार नाही. आजूबाजूला हाक ऐकेल असं कुणी नव्हतं.

"गुडघे थोडे वाकवा, ताई," धाकटी म्हणाली. "पाठीवर जोर घेऊ नका, पायांवर घ्या."

थोरलीने गुडघे वाकवले. भार खरोखरच हलका वाटला, आणि त्याचाच तिला राग आला. थोड्या वेळाने हाताला कळा लागल्या. धाकटी म्हणाली, की बोलत राहावं म्हणजे दुखणं जाणवत नाही, पेशंटना ती हेच सांगते. थोरली फटकन म्हणाली, "मग सासूबाईंशी काय बोलायचीस? दार लावून?"

इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न असा वाऱ्यात बाहेर पडला.

धाकटीने दांड्यावरची पकड घट्ट केली. मग म्हणाली, "त्यांनी सांगू नको म्हटलं होतं."

"त्या आता विचारायला येणार नाहीत."

"त्यांना तुमच्यासमोर लाज वाटायची, ताई. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, तिच्यासमोर मी सासू आहे. तुझ्यासमोर पेशंट झाले तरी चालेल, तू रोज बघतेस असली माणसं. पण तिने मला असं पाहिलं, तर तिच्या डोक्यात मी अशीच राहीन."

छत फडफडत होतं. थोरलीला पहिल्यांदा त्याचा अर्थच लागला नाही. मग कळलं. सासूबाई तिच्याकडे पाठ करून का पडायच्या, ती आत आली की चादर गळ्यापर्यंत का ओढायच्या, सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं. तिला रडू आलं, आणि हात मोकळे नसल्यामुळे नाक वाहू लागलं. तिने ते खांद्याला पुसलं.

"मला लाजायचं काय कारण होतं?" ती म्हणाली. "मी काय परकी होते?"

"परकी मी होते," धाकटी म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही, जमतंय का म्हणून. दिवसभर तेच काम, घरी आले की परत तेच. बाहेर आले की तुम्ही दाराशी चहाचा कप ठेवलेला असायचा. गरम असायचा. पण तुम्ही नसायचात. तो चहा एकटीने पिताना वाटायचं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं."

चहा ठेवल्याचं थोरलीला आठवत होतं. रागातही ठेवायची, कारण कामावरून आलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो. तो कुणाला असा लागला असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "साखर बरोबर असायची ना?"

धाकटीला हसू फुटलं. हसताना तिची पकड ढिली झाली, छत एका बाजूने उसळलं आणि शिवणीवर टर्रकन फाटलं. मग थोरलीही हसू लागली. दोघी हसत, नाकं खांद्याला पुसत, छताचा आपापला पाय कवटाळून उभ्या राहिल्या, तोवर वारा ओसरला.

जीप आली तेव्हा दादाला आधी फाटलेलं छत दिसलं, मग दोघींचे लाल डोळे. तो घाबरून म्हणाला, की भांडलात का. थोरलीने त्याला आत जाऊन हँडल आणायला सांगितलं. नवी टोपी सिलिंडरवर बसली. छोटूने अंडी उकडली, दादाने ब्रेड भाजताना निम्मा जाळला. जेवणानंतर दोघी भांडी घेऊन नळाकडे गेल्या आणि चार ताटल्यांना लागू नये इतका वेळ तिथे राहिल्या. शेवटच्या दिवसांत सासूबाई काय काय बोलायच्या, ते थोरलीला ऐकायचं होतं. पुष्कळसं कुरकुरीचंच होतं. डॉक्टरांच्या शर्टाची कॉलर नीट बसत नाही, माझ्या थोरलीकडे पाठवा त्याला, असंही त्या एकदा म्हणाल्या होत्या. थोरलीने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

रविवारी सकाळी छताचं कापड सोडवून, खडीवर पसरून ती शिवायला बसली. सुई-दोरा तिच्या पर्समध्ये कायमच असे. कापड जाड होतं, सुई ढकलायला जोर लागत होता. समोर धाकटी मांडी घालून कापड ताणून धरत होती.

"इतकं ताणू नकोस," थोरली म्हणाली. "जरा सैल सोड. ताणलेल्यावर टाका घातला, की पुन्हा तिथेच फाटतं."

धाकटीने हात सैल केले. मानेवर ऊन आलं होतं. भाऊ खाली चाकांपाशी फळ्या काढताना वाद घालत होते, कुठली आधी काढायची यावर. थोरलीने दोरा दाताने तोडला, नवा ओवायला घेतला, आणि सुईच्या भोकाकडे डोळे बारीक करून पाहत म्हणाली, की पुढच्या खेपेला शेगडीवर आपण दोघी उभ्या राहू, ह्यांच्या हातचं जळकं पुरे झालं. धाकटीने तिच्या हातून सुई घेतली, दोरा ओवून दिला, आणि विचारलं, "पण तिथे दोघी मावणार आहोत का?"

"एकीने बाहेरून चिरून द्यायचं," थोरली म्हणाली, "खिडकीतून."