थोरली

धाकटीने टेबलावर चादर पसरली आणि त्या पितळी चौकटीचा पहिला स्क्रू सैल केला. तळहाताएवढीच होती ती. हिच्यासाठी बाबांनी आयुष्य घालवलं, यावर बघूनही विश्वास बसत नव्हता.

"ताई, मी काढून देते. त्या बाजूचा आटा घसरलाय," मागून आवाज आला.

"येतंय मला."

मागे उभ्या असलेल्या बाईला सगळी प्रयोगशाळा सरांचा उजवा हात म्हणे. बाबांबरोबर तिने वीस वर्षं काढली होती. बाबा गेले तेव्हा ती दवाखान्यात धाकटीच्या आधी पोचली होती. कोणता आटा घसरलाय हेही तिलाच ठाऊक असणार.

चौकटीत पिझोच्या चकत्यांची चळत होती. गॅसच्या लायटरमध्ये दाबल्यावर ठिणगी देणारा खडा असतो, त्याच जातीच्या चकत्या. दाबल्या की वीज देतात आणि वीज दिली की केसाच्या हजाराव्या भागाइतक्या लांबतात, म्हणजे एखादी वस्तू नेमकी तेवढीच सरकवता येते. धाकटीच्या जन्माआधी वर्षभर बाबांनी ही चळत रचली आणि तिचं नाव थोरली ठेवलं. म्हणून एकुलती एक असूनही ही धाकटी. "थोरलीला ताप आलाय," असं म्हणून बाबा जेवणावरून उठायचे. खोली तापली की थोरली जागेवर राहत नसे. लहानपणी धाकटीने आईला विचारलं होतं, थोरली आपल्या घरी का राहत नाही?

बाबा घरी असत ते फक्त सकाळी. आई पहिल्या पाळीला कामावर जायची, म्हणून वेणी तेच घालायचे. भांग जरासा हुकला तरी तिथल्या तिथे सरळ करत नसत. सगळे केस मागे फिरवून पुन्हा कपाळापासून सुरुवात. रोज शाळेला उशीर.

"नेताय ते बरंच आहे," उजवा हात म्हणाली. "इथे भंगारातच गेली असती."

खिडकीशी त्याच कामाचं नवं यंत्र चालू होतं. ते आपली चूक आपणच मोजतं आणि क्षणात दुरुस्त करतं.

"त्याच्याजवळ कोणी बसावं लागत नाही," ती म्हणाली. "हिच्याजवळ मात्र बसावं लागायचं." मग जरा अडखळून, "एकदा चालवू या का? शेवटचं?"

नाही म्हणायचं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने स्क्रू पुन्हा आवळला. "मी चालवणार."

"चालवा की. बटण हळू फिरवायचं. ही किती सरकली ते पडद्यावरची रेघ दाखवते. ती त्या फुलीवर आणायची, बस."

धाकटीने बटण फिरवलं. रेघ सरकत सरकत फुलीशी आली आणि जराशी पुढे गेली. धाकटीचा हात थांबला. मग तिने बटण उलट फिरवलं ते थेट शून्यापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून, आधीपेक्षा सावकाश वर आणलं. रेघ फुलीवर टेकली.

उजवा हात एक पाऊल पुढे आली.

"तुम्ही... थोडंसंच मागे का नाही घेतलंत?"

"का?"

"सगळे तसंच करतात. पण मागे घेताना ही त्याच वाटेने परत येत नाही, फसवते. म्हणून मुळापासून यायचं, नेहमी एकाच बाजूने. सर तोंडाने सांगायचे नाहीत, नुसती बोटांवर टिचकी मारायचे. मला हे समजायला वर्ष लागलं." तिने धाकटीच्या हाताकडे पाहिलं. "तुम्हाला कधी शिकवलं त्यांनी?"

धाकटीची बोटं कपाळाशी गेली.

"रोज सकाळी," ती म्हणाली. "शाळेत जायच्या आधी."

"रोज?"

"रोज."

उजवा हात हसायला गेली, पण ते जमलं नाही. ओठ मिटून ती पडद्याकडे बघत राहिली. ती नजर धाकटीच्या ओळखीची होती. दवाखान्याच्या दारातून हिला बाबांजवळ बघताना तीच आपल्या डोळ्यांत असणार.

पडद्यावरची रेघ अजून किंचित सरकत होती.

"थांबायला वेळ लावते ती," उजवा हात हळूच म्हणाली. "तोवर बसावं लागतं."

धाकटीने चादरीची घडी करून मांडीवर घेतली आणि दुसरं स्टूल पायाने तिच्याकडे ढकललं.

"बसा."