समजल्याची सही

गावात ते लिबरल आर्ट्स विद्यापीठ आल्यापासून साध्या प्रश्नाला साधं उत्तर मिळायचं बंद झालं. पाववाल्याला विचारलं, पाव ताजा आहे का, तर तो म्हणतो, ताजा म्हणजे काय ते आधी ठरवू. शिळा माल खपवायला इतकं सोयीचं वाक्य त्याच्या बापाला जन्मात सुचलं नसतं. पोरांचं तर विचारूच नका. इतिहास शिकायला आलेली पोरगी नाच शिकून जाते, गणितवाला कविता पाडतो, आणि फोनवर घरी सगळे एकच सांगतात, मी विचार करायला शिकतोय. आईबाप बिचारे काय बोलणार?

या विद्यापीठाचा एक नियम मात्र जगावेगळा होता. शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहून झाला, की तो गावातल्या कुणातरी बाहेरच्या माणसाला तासभर समजावून सांगायचा. त्या माणसाने कागदावर ‘समजलं’ किंवा ‘समजलं नाही’ लिहायचं, कारण द्यायचं आणि सही करायची. ‘समजलं’ नाही, तर पदवी नाही. ज्ञान भिंतीआड राहू नये हा उदात्त हेतू. आता हेतू इतका उदात्त म्हटल्यावर पोरं पळवाट शोधणारच, आणि ती सापडायला लांब जावं लागत नव्हतं. फाटकासमोरच फ्रेमवाल्याचं दुकान होतं.

फ्रेमवाला कामाला चोख. त्याने जोडलेल्या कोपऱ्यात नख शिरायचं नाही. पण नऊ वर्षांत त्याने दोनशे चौदा प्रबंध ‘समजून घेतले’ होते, ते असे: पोरगं स्टुलावर बसून बोलायचं, हा पट्टीवर करवत चालवत मधूनमधून “अस्सं” म्हणायचा, आणि दहाव्या मिनिटाला सही ठोकायचा. कारणाच्या जागी ठरलेलं वाक्य, ‘मुद्दा नीट पोचला.’ पोरं त्याला सहीमामा म्हणायची. पदवीदानाला त्याला पहिल्या रांगेत खुर्ची असायची. कुलगुरू भाषणात त्याच्याकडे हात करून “आपल्या गावचा जाणता श्रोता” म्हणायचे, आणि हा असा काही मान डोलवायचा, की शेजारी बसलेली बायको चिमटा काढायची.

यंदा त्याची सख्खी भाचीच सहीला आली. नात्यातला माणूस चालत नाही, असं नियमात कुठेच नव्हतं. तिला दुसऱ्या शहरात पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली होती, पण कागद त्याच दिवशी पाचच्या आत कचेरीत गेला नसता तर जागाही गेली असती आणि वर्षही. तिच्या आईने, म्हणजे फ्रेमवाल्याच्या ताईने, सकाळपासून दोनदा फोन करून बजावलं होतं, की नखरे न करता सही दे.

साडेतीनला भाची स्टुलावर बसली. फ्रेमवाल्याने सवयीने पेन काढलं आणि प्रबंधाचं नाव वाचलं: ‘मुद्दा नीट पोचला: एका श्रोत्याचा अभ्यास.’ त्याने करवत खाली ठेवली.

पोरीने कचेरीतून सगळे दोनशे चौदा कागद उपसून काढले होते. एकमेकांना खोटं पाडणारे दोन प्रबंध मामाला एकाच दुपारी समजले होते. एकाने घाईत प्रबंधाऐवजी वसतिगृहाची तक्रारवही आणली होती, तर तिचाही मुद्दा नीट पोचला होता. निष्कर्ष असा, की ज्ञान फाटकाबाहेर पडतच नाही, कारण बाहेरच्याला ते नकोच असतं. त्याला पहिल्या रांगेतली खुर्ची हवी असते.

फ्रेमवाल्याचे कान तापले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याला शब्दन् शब्द समजला होता. ‘समजलं’ लिहावं, तर आपल्याच सहीने आपण ढोंगी ठरतो. ‘समजलं नाही’ लिहावं, तर खुर्ची वाचते आणि पोरीचं वर्ष बुडतं, वर ताई जिवंत सोडत नाही ते वेगळंच.

माझ्याकडेच का आणलास, असं त्याने विचारलं. पाठीमागून वार करायचा नव्हता, ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण वाक्य मागे घेण्यातली नव्हती ती.

“दोनशे चौदा कागद तपासलेस,” तो म्हणाला. “मला विचारलंस?”

तिने प्रबंधाची पानं मागेपुढे उलटली.

“तासभर बसून तू मलाच ‘मी’ समजावून सांगितलास.”

त्याने कागद ओढला आणि लिहिलं: ‘समजलं नाही. कारण, हिने विचारलं नाही.’ खाली सही केली. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. घड्याळात साडेचार झाले होते.

“दुसरा कोरा कागद असेल पिशवीत,” तो म्हणाला. “शेजारी सायकलवाला आहे. तो दोन मिनिटांत लिहून देईल. पहिल्या वर्षी तसंच झालं होतं. एकाला मी ‘समजलं नाही’ लिहून दिलं. खरंच समजलं नव्हतं, आणि मला समजून घ्यायचं होतं गं. उद्या परत ये म्हटलं. तो सायकलवाल्याची सही घेऊन निघून गेला. मी दोन दिवस येड्यासारखी वाट बघितली. मग म्हटलं, द्यावी सही. निदान दहा मिनिटं बसतात तरी.”

भाची उठली. पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेली. सायकलवाला मोकळाच बसला होता. कोरा कागद पिशवीत होता, कचेरी समोर होती आणि चांगली वीस मिनिटं हातात होती. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग परत येऊन बसली आणि तिने वही उघडली.

“मामा, त्या मुलाचा विषय काय होता? तू कुठे अडला होतास?”

विषय होता, माणसं खोटं का बोलतात. फ्रेमवाल्याला सगळं आठवत होतं. कुठला मुद्दा पटला, कुठला नाही, तो मुलगा कुठे घाईने पुढे सरकला, सगळं. तो बोलत सुटला. भाची मध्येच अडवत होती, हे नाही कळलं, पुन्हा सांग म्हणत होती, आणि तो पुन्हा सांगत होता.

पाचाला ताईचा फोन आला. सही दिलीस का म्हणून ती नुसती ओरडत होती.

“थांब गं ताई,” फ्रेमवाला म्हणाला. “ती मला विचारतेय.”